डच जोडनामे चुकीच्या जागी तुटतात आणि आघात भलत्याच अक्षरावर पडतो: कारणे आणि उपाय

डच शिकणाऱ्या मराठी भाषकांकडून एक तक्रार सातत्याने येते. सुटे शब्द व्यवस्थित उच्चारता येतात, वाक्यरचनाही जमते, पण दोन किंवा तीन शब्द जोडून तयार झालेले लांब नाम तोंडी आले की समोरचा डच माणूस क्षणभर थांबतो आणि तोच शब्द पुन्हा म्हणायला सांगतो. लिहितानाही हीच अडचण दुसऱ्या रूपाने समोर येते: ओळीच्या शेवटी शब्द तोडायचा असेल तर तो नेमका कोठे तोडावा हे कळत नाही आणि संगणकाने तोडलेला शब्द डच वाचकाला विचित्र दिसतो. वरवर पाहता या दोन स्वतंत्र अडचणी वाटतात, परंतु दोन्हींचे मूळ एकच आहे आणि ते दूर केले की बहुतेक शब्द आपोआप सरळ होतात.

आधी लेखनाविषयी थोडे. येथे ‘अक्षर’ म्हणजे एका दमात उच्चारला जाणारा शब्दाचा तुकडा असा अर्थ घ्यावा. रोमन लिपीतील चिन्हांना मी ‘वर्ण’ म्हणतो. आघात, म्हणजे उच्चारातील जोर, ज्या अक्षरावर आहे त्याच्या आधी ˈ अशी उभी रेघ दिली आहे. डचमधील घशातून घासून येणारा ध्वनी ‘ख’ने, अर्धवट उच्चारला जाणारा आघातहीन स्वर ‘अ’ने आणि घर या अर्थाच्या शब्दातील जोडस्वर ‘आउ’ने दाखवला आहे. हा जोडस्वर मराठीत नाही, त्यामुळे तो ऐकूनच शिकावा लागेल.

मूळ कारण: सांधा न सापडणे

‘दंतवैद्य’ या अर्थाचा शब्द घेऊ. त्याचे वर्ण टी, ए, एन, डी, ए, आर, टी, एस असे आहेत. मराठी माणूस तो डावीकडून उजवीकडे वाचत जातो आणि दोन स्वरांमध्ये आलेले व्यंजन पुढच्या स्वराला जोडतो, त्यामुळे त्याच्या तोंडून ‘टान-डार्ट्स’ असे काहीतरी निघते. डच माणूस मात्र हा शब्द ‘टांड’ म्हणजे दात आणि ‘आर्ट्स’ म्हणजे डॉक्टर अशा दोन घटकांचा म्हणून ऐकतो. डचमध्ये घटकाच्या शेवटी आलेले घोष व्यंजन (जे उच्चारताना कंठ कंप पावतो) अघोष (कंपाविना) होते, म्हणून पहिल्या घटकातील ‘ड’चा ‘ट’ होतो आणि खरा उच्चार ˈटांट-आर्ट्स असा होतो. ‘दात’ या शब्दाचे अनेकवचन ‘टान-डन’ असे होते. तेथे ‘ड’ दुसऱ्या अक्षराच्या सुरुवातीला येतो आणि घोषच राहतो. एकच वर्ण, पण सांध्याच्या अलीकडे असेल तर ‘ट’ आणि साध्या शब्दाच्या आत असेल तर ‘ड’. तुम्ही ‘टान-डार्ट्स’ म्हणता तेव्हा ऐकणाऱ्याला दात ऐकू येत नाही आणि डॉक्टरही ऐकू येत नाही.

संस्कृत समासांची सवय असलेल्या आपल्या कानाला हे अनोळखी वाटते, कारण आपल्याकडे ‘विद्या’ आणि ‘आलय’ एकत्र आले की ‘विद्यालय’ होते आणि सांधा विरघळून जातो. डच जोडनामात असा संधी होत नाही आणि प्रत्येक घटक आपली सीमा राखून ठेवतो. म्हणून लेखनातही हा शब्द ‘टांड’नंतरच तोडतात, ‘टान’नंतर नाही. संध्याकाळचे जेवण हा शब्द ‘आव्हॉन्ट’ आणि ‘एटन’ यांमध्येच तुटतो, कुटुंबाचा डॉक्टर हा शब्द ‘हाउस’ आणि ‘आर्ट्स’ यांमध्येच तुटतो. साध्या शब्दांसाठीचा नियम असा आहे की दोन स्वरांमधील एकटे व्यंजन पुढच्या अक्षरात जाते आणि दोन व्यंजने असतील तर एक इकडे, एक तिकडे. हा नियम बरोबर आहे, पण तो प्रत्येक घटकाच्या आत लागू होतो, सांध्यावरून पलीकडे जात नाही. क्रम नेहमी असाच ठेवावा: प्रथम सांधा, मग घटकांच्या आतील अक्षरे, आणि शेवटी आघात.

सांधा कसा शोधावा

शोध शब्दाच्या उजव्या टोकाकडून सुरू करावा. डच जोडनामाचा मुख्य अर्थ शेवटच्या घटकात असतो आणि नामाचे उपपदही त्याच घटकावरून ठरते. ‘हाउस’ला ‘हेट’ लागते, म्हणून रुग्णालयालाही ‘हेट’च लागते, पहिला घटक कोणताही असो. शेवटून एक ओळखीचा शब्द सुटा करता आला की उरलेल्या भागाच्या शेवटी एखादा जोडवर्ण आहे का ते पाहावे. पुष्कळ शब्दांत दोन घटकांच्या मध्ये ‘स’, ‘अन’ किंवा क्वचित ‘अर’ येतो. हा दुवा नेहमी पहिल्या घटकाकडेच राहतो: ˈझी-कन-हाउस (रुग्णालय), ˈको-निंग्स-डाख (राजाचा दिवस, जो 2014 पासून 27 एप्रिलला साजरा होतो), ˈकिन-डर-का-मर (मुलांची खोली). दुव्यातील ‘स’ पुढच्या घटकाला चिकटवला तर अक्षरविभागणी आणि अर्थ दोन्ही बिघडतात.

दुसरी खूण म्हणजे साध्या शब्दात सहसा न येणारी व्यंजनांची गर्दी. नेदरलँड्समध्ये राहणाऱ्यांच्या रोजच्या दृष्टीस पडणारा शब्द पाहा. दारावर लिहिलेला ‘प्रवेश’ या अर्थाचा शब्द आय, एन, जी, ए, एन, जी असा आहे. नवखा वाचक दोन्ही जागी एन आणि जी एकत्र वाचून ‘इंगांग’ म्हणतो. परंतु पहिल्या जागी सांधा आहे, ‘इन’ आणि ‘खांग’, म्हणून तेथे जी हा स्वतंत्र ‘ख’ होतो. दुसऱ्या जागी सांधा नाही, म्हणून तेथे एन आणि जी मिळून एकच अनुनासिक ध्वनी होतो. उच्चार ˈइन-खांग. कर विवरणपत्रासाठीचा शब्दही असाच ˈआन-खिफ-ट. टी आणि एच या वर्णांची जोडीही अशीच फसवते. ‘औषधालय’ या अर्थाच्या ‘आ-पो-ˈटेक’ या शब्दात ती मिळून नुसता ‘ट’ होतो, पण वस्तीतील सामुदायिक केंद्रासाठीच्या शब्दात टी पहिल्या घटकाचा आणि एच दुसऱ्याचा असतो: ˈब्युर्ट-हाउस. तेथे ‘ह’ स्पष्ट ऐकू यायला हवा.

काही शब्दांत दोन सांधे शक्य असतात आणि मग संदर्भाशिवाय निर्णय होत नाही. ‘क्वार्टस्लाखन’ हा लिखित शब्द ‘क्वार्ट’ आणि ‘स्लाखन’ असा तोडला तर पाव-पाव वळणे असा अर्थ होतो आणि ‘क्वार्ट्स’ आणि ‘लाखन’ असा तोडला तर स्फटिकाचे थर असा. बॉम्बच्या धमकीची सूचना या अर्थाचा शब्द ‘बॉम’ आणि ‘मेल्डिंग’ यांचा आहे, पण ज्याला ‘डिंग’ म्हणजे वस्तू एवढेच माहीत आहे तो त्याचा सांधा उजवीकडे सरकवतो आणि निरर्थक घटक निर्माण करतो. या गटातील सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे मालिशचा पलंग. तो ‘मासाझ’ आणि ‘बेट’ असा तोडला तर उच्चार मा-ˈसा-झ-बेट होतो. तेच वर्ण ‘मासा’ आणि ‘खबेट’ असे तोडले तर अर्थ सामूहिक प्रार्थना होतो आणि उच्चार ˈमा-सा-ख-बेट होतो. येथे सांधा दोन वर्णांनी हलताच आघात दुसऱ्या अक्षरावरून पहिल्यावर गेला आणि जी या वर्णाचा ध्वनीही ‘झ’चा ‘ख’ झाला. एकाही वर्णात बदल झालेला नाही. सांधा आधी का शोधायचा, हे या एका शब्दावरून पुरेसे स्पष्ट होते.

आघात कोठे द्यावा

सांधा सापडला की पुढचा नियम सोपा आहे: जोडनामाचा मुख्य आघात पहिल्या घटकावर असतो. पुष्कळ जण हा नियम ‘पहिल्या अक्षरावर’ असा लक्षात ठेवतात आणि तेथेच फसतात. पहिला घटक एकटा असताना त्यावर जेथे आघात असतो तेथेच तो जोडनामातही राहतो. ‘टोमाट’चा आघात दुसऱ्या अक्षरावर आहे, म्हणून टोमॅटोचे सूप हे टो-ˈमा-टन-सुप. स्थानकासमोरचा चौक हा स्टा-ˈश्यॉन्स-प्लेइन, संगणकाचे दुकान हे कॉम-ˈप्यु-टर-विन-कल. विद्यापीठाचे ग्रंथालय या लांबलचक शब्दात यु-नि-व्हर-सि-ˈटेइट्स-बि-ब्लि-ओ-टेक असा आघात पाचव्या अक्षरापर्यंत मागे जातो, कारण विद्यापीठ या शब्दाचा स्वतःचा आघात तेथेच आहे. ग्रंथालय या शब्दाचा आघात एरवी ‘टेक’वर असतो, तो नाहीसा होत नाही, फक्त दुय्यम होतो. शब्द तीन घटकांचा झाला तरी पहिलाच घटक वरचढ राहतो: ˈव्हुट-बाल या शब्दापुढे सामना हा शब्द लागला तरी मुख्य आघात ‘व्हुट’वरच.

येथे मराठी भाषकाची खरी अडचण नियम न कळण्याची नसते. मराठीत आघाताने शब्दाचा अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपण सर्व अक्षरे जवळपास सारख्याच वजनाने उच्चारतो आणि डच कानाला तो दोन सुट्या शब्दांचा क्रम वाटतो. सुधारण्याची पद्धत अशी: पहिला घटक एकटाच, पूर्ण शब्द असल्याप्रमाणे दोन-तीन वेळा म्हणावा. मग स्वर पुन्हा वर न चढवता, त्याच उतरत्या सुरात दुसरा घटक त्यापुढे जोडावा. दुसऱ्या घटकावर आवाज नव्याने उचलला गेला की जोडनाम मोडले असे समजावे. स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रित करून शब्दकोशातील उच्चाराशी ताडून पाहिला तर हा नव्याने उचललेला सूर लगेच ऐकू येतो.

याच्या उलट चूकही होते आणि ती बहुधा इंग्रजीच्या सवयीतून येते. पहिल्या घटकावर आघात द्यायचा हे कळल्यावर काही जण दुसरा घटक गिळून टाकतात. इंग्रजीत ‘पोस्टमन’सारख्या शब्दांत शेवटचा स्वर पुसट होतो, पण डचमध्ये सुताराला ˈटि-मर-मान म्हणताना ‘मान’मधील ‘आ’ पूर्ण आणि स्वच्छ असतो. आघात नसला म्हणून स्वर पुसट होत नाही. पुसट होतो तो फक्त मुळातच पुसट असलेला ‘अ’. तो ‘टि-मर’मधील ‘मर’मध्ये आहे, ‘मान’मध्ये नाही.

लिहिलेले दिसते पण ऐकू येत नाही

मराठी भाषकांची एक नेहमीची चूक म्हणजे द्वित्त. आपण ‘पक्का’ आणि ‘सत्तर’ यांत दोन्ही व्यंजने खरोखर उच्चारतो, म्हणून ‘बाकर’ म्हणजे बेकरीवाला हा शब्द दोन वेळा ‘क’ लिहिलेला दिसताच ‘बाक्कर’ असा म्हणतो. डचमध्ये दोनदा लिहिलेले व्यंजन फक्त आधीचा स्वर ऱ्हस्व आहे एवढेच सांगते. लिहिताना तो ‘बाक’ आणि ‘कर’ असा तुटतो, पण बोलताना एकच ‘क’ असतो. डच प्राथमिक शाळांत यासाठी दोन वेगळ्या संज्ञा वापरतात: उच्चारातील तुकडा म्हणजे ‘क्लांक-ख्रुप’ आणि लेखनातील तुकडा म्हणजे ‘लेटर-ख्रेप’. हा भेद मनात ठेवला की बराच गोंधळ संपतो. जोडनामांतही तसेच आहे. हात पुसण्याच्या कापडाच्या शब्दात दोन ‘ड’ लिहितात आणि तो त्यांच्या मध्ये तोडतात, पण उच्चार ˈहान-डुक. चीजचे पातळ काप काढण्याच्या साधनाच्या शब्दातही सांध्याच्या दोन्ही बाजूंना ‘स’ आहे, पण ऐकू येतो एकच.

सांध्यावर आणखी एक बदल घडतो आणि तो जाणीवपूर्वक ऐकण्यासारखा आहे. पुढच्या घटकाची सुरुवात ‘ब’ किंवा ‘ड’ने होत असेल तर आधीचे अघोष व्यंजन घोष होते. हातरुमाल हा ‘झाक’ म्हणजे खिसा आणि ‘डुक’ म्हणजे कापड यांचा शब्द, पण प्रत्यक्षात ऐकू येते ˈझाग-डुक. डचमध्ये आपल्या ‘ग’सारखा ध्वनी मूळच्या शब्दांत स्वतंत्रपणे जवळपास नाहीच, तो येथे सांध्यामुळे जन्माला येतो. फुटबॉलचा शब्दही सहज बोलण्यात ˈव्हुड-बाल होतो. उलट पुढचा घटक ‘व्ह’ किंवा ‘झ’ने सुरू होत असेल तर तोच अघोष होतो: कचरा या अर्थाचा ˈआफ-व्हाल हा शब्द बोलताना ˈआ-फाल असा ऐकू येतो. हे बदल मुद्दाम करण्याची गरज नाही, शब्द एका दमात म्हटला की ते बहुतेक वेळा आपोआप होतात. ते ओळखता मात्र यायला हवेत, नाहीतर ऐकलेला ‘झागडुक’ शब्दकोशात सापडणार नाही.

‘पॅनकेक’साठीचा शब्द 1995 च्या शुद्धलेखन सुधारणेपासून मध्ये ‘न’ घालून लिहितात. नेदरलँड्सच्या बऱ्याच भागांत तो ‘न’ उच्चारत नाहीत आणि शब्द ˈपा-न-कुक असाच ऐकू येतो. हीच गोष्ट दुव्यातील ‘अन’ची सर्वत्र आहे.

अपवाद, जे पाठच करावे लागतात

नगरपालिकेची जुनी मुख्य इमारत या अर्थाचा शब्द सर्वांत आधी पाठ करावा, कारण तो लवकर लागतो: स्टाट-ˈहाउस. आघात दुसऱ्या घटकावर. त्याच्या शेजारचा, नगरपालिकेच्या कार्यालयासाठीचा शब्द मात्र नियमाप्रमाणे ˈस्टाट्स-कान-टोर. महापौर म्हणजे बुर-ख-ˈमेस-टर. नवीन वर्ष म्हणजे नीउ-ˈयार, आणि त्यापासून बनलेली नववर्षाच्या शुभेच्छापत्रासारखी नामे तोच आघात पुढे नेतात. भाजीच्या दुकानात लाल कोबी हा रो-ड-ˈकोल आहे आणि हिवाळ्यात बटाट्यांबरोबर कुस्करून खातात तो कुरळ्या पानांचा कोबी बु-रन-ˈकोल आहे. लाल कोबीसारख्या शब्दांचे कारण समजण्याजोगे आहे: विशेषण आणि नाम यांचा पदसमूह कालांतराने एक शब्द झाला आणि पदसमूहाचा आघात तसाच राहिला. बाकीच्यांसाठी शब्दकोश पाहणे हाच मार्ग आहे.

गावांच्या नावांत हा अपवाद फार ठळक आहे. आमस्टल नदीवरचा बांध आणि रॉटे नदीवरचा बांध यांवरून पडलेली नावे आम-स्टर-ˈडाम आणि रॉ-टर-ˈडाम अशी शेवटच्या घटकावर आघात घेतात, झान-ˈडाम आणि स्खी-ˈडाम ही नावेही तशीच. भारतीय कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात ते गाव आम-स्टल-ˈव्हेन. उलट ˈएइन्ट-हो-व्हन आणि ˈहिल-व्हर-सुम यांत आघात पहिल्या घटकावर आहे. पहिल्यात डी लिहिला असूनही ‘ट’ ऐकू येतो, कारण तेथेही सांधा आहे. रस्त्यांच्या नावांत शेवटी ‘स्ट्राट’ असेल तर आघात निर्धास्तपणे पहिल्या घटकावर द्यावा, जसे ˈकाल-व्हर-स्ट्राट. शेवटी चौक किंवा कालवा या अर्थाचा शब्द असेल तर दोन्ही प्रकार आढळतात आणि स्थानिक लोक काय म्हणतात ते ऐकूनच ठरवावे.

संगणकाने चुकीचे तोडलेले शब्द

लेखनातील बिघाडाचे सर्वांत सामान्य कारण असे की दस्तऐवजाची भाषा इंग्रजी म्हणून नोंदलेली असते आणि कार्यक्रम डच शब्दांना इंग्रजीचे नियम लावतो. म्हणून प्रथम मजकूर निवडून त्याची भाषा डच करावी. संकेतस्थळाच्या पानावर भाषेचा संकेत ‘एनएल’ असा द्यावा. एवढ्याने बहुतेक चुका जातात, सगळ्या जात नाहीत. फ्रँक लिआंग यांनी 1983 मध्ये मांडलेली आणि आजही अनेक मुद्रणप्रणालींचा आधार असलेली पद्धत वर्णांच्या लहान आकृतिबंधांवर चालते, अर्थावर नाही. पाव वळणे की स्फटिकाचे थर, हे तिला कळण्याचा मार्गच नाही. अशा शब्दांत सांध्यावर अदृश्य संयोगचिन्ह घालावे, जे फक्त शब्द ओळीच्या शेवटी आला तरच दिसते. वर्डमध्ये ते कंट्रोल आणि संयोगचिन्ह या कळा एकत्र दाबून येते.

हाताने तोडताना दोन-तीन बारीक गोष्टी सांभाळाव्यात. एकटा वर्ण ओळीच्या शेवटी किंवा पुढच्या ओळीच्या सुरुवातीला उरेल असे तोडत नाहीत, म्हणून संध्याकाळ या शब्दाचा पहिला ‘आ’ वेगळा काढू नये, जरी तो उच्चारात स्वतंत्र अक्षर असला तरी. समुद्र या शब्दाच्या अनेकवचनात दोन स्वर वेगळे दाखवण्यासाठी वर दोन टिंबे देतात; शब्द नेमका तेथेच तुटला तर टिंबे गळून पडतात. जोडनामात मात्र 1995 पासून टिंबांऐवजी कायमचे संयोगचिन्ह लिहितात, जसे समुद्री बदकाच्या आणि मोटार अपघाताच्या शब्दांत, आणि शब्द तेथे तुटला तरी ते तसेच राहते. लघुत्वदर्शक रूपांत मूळ शब्द परत येतो. छोटी पदविका या शब्दात जास्तीचा ‘आ’ लिहिलेला असतो, पण ‘टय’च्या आधी तोडल्यास तो काढून टाकतात, छोटा राजनयिक हा शब्द वर्णांनी तंतोतंत तसाच दिसतो, पण तेथे सांधा एक वर्ण पुढे असल्यामुळे काहीही काढायचे नसते.

शंका उरल्यास नेदरलँड्स आणि बेल्जियम यांनी 1980 मध्ये स्थापन केलेल्या डच भाषा संघाची अधिकृत शब्दसूची पाहावी. तिची ‘हिरवे पुस्तक’ या नावाने ओळखली जाणारी अलीकडची मुद्रित आवृत्ती 2015 ची आहे आणि सूची महाजालावर विनामूल्य उपलब्ध आहे. तेथे शब्दाचे तुकडे कोठे पडतात ते कळते, पण आघातासाठी उच्चार दाखवणारा शब्दकोश वेगळा उघडावा लागतो. नवे जोडनाम दोन्हीकडे नसेल, आणि डचमध्ये असे शब्द रोज बनतात, तर त्याचे घटक सुटे करून पहिल्या घटकाचा आघात शोधावा आणि तोच संपूर्ण शब्दाला लावावा.